सहीपुरता नवरा

बायजाच्या हातची तांदळाची भाकरी तुम्ही खाल्ली नसेल तर मला तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण फार नाही. एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटांमधली निम्मी बिऱ्हाडं ती रविवारी मटणाबरोबर खातात आणि पाहुण्यांना सांगतात, आमच्या बाईच्या हातची आहे. आमची बाई म्हणे! बायजा त्यांची कधीच नव्हती. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते. आमच्या दोघींच्या मध्ये एकेरी विटेची भिंत आहे आणि त्या भिंतीतून मला सगळं ऐकू येतं. माझं शिलाई मशीन चालू असलं तरी येतं.

ती मूळची खाडीकाठची. माहेरी भातशेती होती, आता तिथं गोदामं आहेत. लग्न होऊन इकडे वसई पूर्वेला चाळीत आली तेव्हा नवरा शत्रुघ्न वालीवच्या एका कारखान्यात कामाला होता. कारखाना अजून चालू आहे, बंद पडला तो हा. फोरमनशी भांडला, घरी येऊन खाटेवर बसला आणि तिथूनच जगाला नावं ठेवू लागला. बायजा चार घरची धुणीभांडी करून त्याला जेवायला घालत होती. त्याला भाकरी गरम लागायची, आणि त्या गरम भाकरीचा वास वरच्या मजल्यावरच्या एका बाईला आला म्हणून पहिली ऑर्डर मिळाली. धंद्याची सुरुवात अशी झाली. भांडवल मात्र गटाचं.

गट म्हणजे काय ते सांगते. मायक्रोफायनान्सवाले एकट्या बाईला दारात उभं करत नाहीत. पाच जणींनी गट करायचा, पाचींना एकदम कर्ज मिळणार, आणि एकीनं हप्ता चुकवला तर उरलेल्या चौघींनी भरायचा. सोनं गहाण नको, घराचे कागद नकोत. दर बुधवारी गटप्रमुख आशालताच्या ओट्यावर सतरंजी पडते, कंपनीचे सुमेध सर मोटरसायकलवरून येतात आणि बायका हात पुढे करून शपथ घेतात की आम्ही एकमेकींच्या सुखदुःखाला धावून जाऊ. कुणाचा हप्ता आला नाही तर कुणी उठायचं नाही. ती घरात लपली असेल तर बाकीच्या चौघी जाऊन तिच्या दारात बसतात. आमच्या चाळीत याला नुसतं ‘गट बसला’ म्हणतात. बाहेरच्याला वाटेल बायका गप्पा मारतायत. पण ज्या घरासमोर गट बसतो त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, इतकी ती बेअब्रू.

मी गटात नाही. घ्यायला निघाले होते मला. सुमेध सरांनी विचारलं, “ताई, फॅमिलीमध्ये कुणी जेंट्स?” मी म्हटलं, मशीनचं पायडल मी मारते, जेंट्स नाही मारत. ते हसले आणि माझं नाव खोडलं. कर्ज बाईला, पण शेजारी नवऱ्याची सही हवी, त्याचा अंगठा हवा, दोघांचा घरातला जोडीनं फोटो हवा. नवरा कमावता नसला तरी चालतो, दारुडा असला तरी चालतो. फक्त असायला हवा. माझे वारले आहेत, आणि मूलबाळ नाही. म्हणजे उद्योजिका व्हायला मी नालायक. असो, माझं रडगाणं नाही हे.

बायजाच्या पहिल्या कर्जावर शत्रुघ्ननं सही केली आणि त्याबद्दल नवे बूट मागितले. तिनं ते दिले. मोठा तवा, दोन पराती, गॅसची शेगडी आली. दुसऱ्या कर्जातून घरघंटी घेतली. तिचं कारणही सांगण्यासारखं आहे. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून ती गिरणीत न्यायची आणि गिरणीवाला ते खुशाल गव्हावर दळायचा. तांदळाच्या पिठात गहू मिसळला की उकड चिवट होते, भाकरी थापताना कडेला फाटते आणि फुगत नाही. बायजा गिरणीत उभी राहून भांडायची, “तांदलावर दल ना रे, तुज्या बापाचा काय जातंय?” तो म्हणायचा, नंबर लाव. घरघंटी आली तेव्हा तिनं तिला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, “ताय, आता मी कोनाच्या गव्हावर नाय.”

खोटं कशाला बोलू? त्या कर्जानं तिचं भलं केलं. धुणीभांडी सुटली, मुलगी रोशनी अकरावीला गेली, घरात फ्रीज आला. मी कंपनीला शिव्या देते, पण हे कबूल करते.

मग एका रविवारी बायजा ऑर्डरी पोचवायला गेलेली असताना शत्रुघ्ननं रोशनीकडे सकाळच्या भाकऱ्यांचे पैसे मागितले. पोरगी म्हणाली, आईला विचारून देते. एवढंच बोलली. त्यानं तिचा डावा हात धरला आणि तापलेल्या तव्यावर टेकवला.

ती किंकाळी मी ऐकली. मी धावले, पाठोपाठ सगळी चाळ धावली. बायजा परत आली तेव्हा रोशनीचा हात बादलीत होता आणि तो खाटेवर बसून म्हणत होता, जरा चटका लागलाय. बायजानं हातातली परात त्याच्या तोंडावर हाणली. त्याचे कपडे तिनं खिडकीतून फेकले. आणि खरं सांगते, त्या दिवशी गटातल्या बायका वाघिणी झाल्या होत्या. आशालतानं त्याच्या कॉलरला धरून त्याला गेटपर्यंत नेलं. फ्लॉसीनं रोशनीला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं, पैसेही तिनंच भरले. ही फ्लॉसी मूळची पापडीची, दिरांनी वाडीत वाटा दिला नाही म्हणून आमच्या चाळीत भाड्यानं राहते, केक आणि लोणची करून विकते. बोलायला मऊ, वागायला साधी. त्या दिवशी या बायकांवरून जीव ओवाळून टाकावा असं मला वाटलं होतं.

पोलिसांत जा असं मी बायजाला म्हटलं. ती म्हणाली, “दाराबाहेर गेला, पुष्कल झाला.” तो खाडीकाठच्या गावात आपल्या भावाकडे जाऊन राहिला. रोशनीचा तळवा भरून आला, बोटं मात्र पुरती उघडेनात. तरी भिंतीपलीकडून मला हसू ऐकू यायला लागलं. मायलेकी पीठ मळताना काहीबाही बोलायच्या आणि हसायच्या. त्या घरात हसण्याचा आवाज असतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. घरघंटी चालायची, भाकऱ्या थापल्या जायच्या, हप्ता वेळेवर जायचा. बायजाचा एकही हप्ता कधी चुकला नाही, तो घरात असताना नाही आणि गेल्यावरही नाही.

दुसरं कर्ज फिटलं आणि तिसऱ्याची वेळ आली. हे मोठं होतं. आशालताला त्यातून मुलासाठी रिक्षा घ्यायची होती. फ्लॉसीला नाताळाच्या आत मोठा ओव्हन हवा होता. बाकीच्या दोघींच्याही अशाच निकडी. सुमेध सरांनी बुधवारी सतरंजीवर बसून सांगितलं, “या वेळी अमाउंट मोठी आहे, मी घरोघरी येऊन बघणार. पाचही घरी मिस्टर हजर पाहिजेत. फोटो, अंगठा, सगळं ऑन द स्पॉट.”

बायजा सरळ म्हणाली, “मला कर्ज नको. तुमी घ्या.”

पण गट पाचाचा. चौघींना मिळत नाही. बायजाच्या जागी पाचवी शोधायला त्या चाळभर हिंडल्या. ज्यांना नवरे होते त्यांच्या डोक्यावर आधीच तीन-तीन कंपन्यांची कर्जं, त्यांना चौथं मिळेना. बायजानं विचारलं, माझा भाऊ सही करेल, चालेल का? चालत नाही, भाऊ दुसऱ्या घरचा. मुलगी? मुलीची चालत नाही. सज्ञान मुलगा असता तर चालला असता. अशा रीतीनं चार बायकांचं नशीब फिरून फिरून शत्रुघ्नपाशी येऊन थांबलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो माणूस कुणाला तरी हवा होता.

आशालतानं विषय काढला तेव्हा बायजानं तिच्या तोंडावर दार लावलं.

शनिवारी सकाळी मी दार उघडलं तर बायजाच्या उंबऱ्यासमोर चौघी मांडी घालून बसलेल्या. हप्ता न चुकवलेल्या बाईच्या दारात गट बसलेला आमच्या चाळीनं पहिल्यांदा पाहिला. आशालता मध्यभागी, दाराला अगदी चिकटून. आत धुतलेले तांदूळ, रविवारच्या ऑर्डरी, आणि कॉलेजची पिशवी खांद्याला लावून उभी राहिलेली रोशनी.

“एक दिवस ठेवायचाय त्याला,” आशालता म्हणाली. “सही झाली की काढ बाहेर. मी स्वतः काढीन.”

“त्यानं माज्या पोरीचा हात जाल्ला,” बायजा म्हणाली.

“माहिती आहे गं. आम्हीच होतो ना तेव्हा.”

“मंग?”

“मग काय? माझ्या पोरानं रिक्षाचं टोकन भरलंय. ते बुडवू का?”

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी बाहेर येऊन तोंडाला येईल ते बोलले. लाजा कशा वाटत नाहीत म्हणाले, तुमच्या पोरींचे हात तव्यावर ठेवा म्हणाले. आशालतानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नुसती म्हणाली, “तुमचं काय जातंय ताई, तुम्ही गटात नाही.” आणि ते खरंच होतं. ज्याचा हप्ता नाही त्याला गट बसला की बोलायचा अधिकार नसतो.

ऊन चढलं तशी फ्लॉसी जरा पुढे सरकली. आवाज न चढवता म्हणाली, “बायजा, त्या दिवशी रोशनीला हॉस्पिटलला कोण घेऊन गेलं? मी कधी काही मागितलं का? आज मागते.”

या वाक्यासाठी मी फ्लॉसीला कधीच माफ करणार नाही. आशालता निदान दांडगाई करत होती, दांडगाईला उलटून बोलता येतं. केलेले उपकार कुणी इतक्या हळू आवाजात समोर ठेवले तर त्यावर माणूस काय बोलणार? बायजा आत जाऊन घरघंटीच्या शेजारी बसली. तिनं तोंडावर पदर घेतला होता. दुपार झाली. त्या उठल्या नाहीत. घरून डबे आणवून तिथंच जेवल्या. जेवताना एकीनं बायजालाही हाक मारली, दोन घास खाऊन घे म्हणून. असल्या बायका.

शेवटी रोशनीच बोलली. “आई, सहीपुरता येऊ दे. त्या दिवशी मी आगाशीला मावशीकडे जाईन.”

बायजानं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नकाराची की होकाराची, मला कळलं नाही. आशालताला लगेच कळलं.

त्याला आणायला चौघी गेल्या. न्हाव्याकडून दाढी करवली, फ्लॉसीनं आपल्या नवऱ्याचा इस्त्रीचा शर्ट दिला. तो चाळीत शिरला तेव्हा अंगाला साबणाचा वास येत होता आणि चाल नवरदेवाची होती. रोशनी त्याआधीच आगाशीच्या बसमध्ये बसली होती. सुमेध सर आले. बायजा आणि तो घरघंटीपुढे उभे राहिले. सर म्हणाले, “जरा जवळ, कपल वाटलं पाहिजे.” मी खिडकीतून बघत होते. तो सरकला. ती तिथंच उभी राहिली, पण घरघंटीमुळे तिला मागं जायला जागा नव्हती.

“एकत्रच राहता ना दोघं?” सरांनी विचारलं. हे त्यांना विचारावंच लागतं.

“हो,” बायजा म्हणाली.

अंगठे झाले. सरांनी मोबाइल खिशात ठेवला आणि दारात बसलेल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, “दोन वर्षं मी मधेच कधीही येईन हां. सहकर्जदार घरात दिसला पाहिजे. एका गटात मिस्टर पळाले, हेडऑफिसनं पाचींकडून सगळी रक्कम एकदम मागितली.”

बायकांनी माना खाली घातल्या. शत्रुघ्ननं मात्र मान वर केली.

“दोन वर्सं?” त्यानं विचारलं. मग खाटेवर जाऊन बसला आणि बायजाला म्हणाला, “च्या ठेव.”

आशालता त्याला स्वतः काढणार होती. तिच्या पोराची रिक्षा आली, रिक्षाला हार आला, आम्हाला पेढे आले. शत्रुघ्नला काढायला कुणी आलं नाही. तो दाराशी खुर्ची टाकून बसायला लागला. भाकऱ्या न्यायला येणाऱ्या लोकांना पैसे भरायला बायजानं भिंतीवर क्यूआर कोडचा स्टिकर लावला होता. त्यानं तो काढून आपल्या नंबरचा लावला. फ्लॅटमधल्या साहेबांना काय, ते मोबाइल दाखवतात, आवाज येतो, पिशवी घेऊन जातात. कुणाच्या खात्यात गेले हे बघायला वेळ कुणाला आहे? हप्त्यापुरते पैसे तो बायजाला मोजून द्यायचा. हप्ता चुकू द्यायचा नाही एवढी अक्कल त्याला होती.

रोशनी मावशीकडून परतली तेव्हा तो जेवत होता. तिला म्हणाला, “इकडं ये. हात दाव.” ती जागची हलली नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मग ती गेली आणि हात पुढे केला. त्यानं तिची आखडलेली बोटं एकेक करून ओढून पाहिली. “बरा झाला की,” तो म्हणाला. “उगाच बोंब मारलेली.”

हे बोलणं मी भिंतीतून ऐकलं, बाकीचं बायजानं मागाहून सांगितलं. पुढं जे झालं ते साऱ्या चाळीनं ऐकलं. बायजानं त्याला खुर्चीसकट बाहेर ढकललं आणि आतून कडी घातली. तो ओरडला नाही, दार वाजवलं नाही. निवांत चालत आशालताच्या ओट्यावर गेला. थोड्याच वेळात चौघी त्याला पुढं घालून आल्या आणि बायजाच्या दारात बसल्या. तो त्यांच्या मागं उभा होता, हाताची घडी घालून.

“तुमी बोललेलात सहीपुरता!” बायजा आतून किंचाळत होती.

“अगं, पण आता पैसे उचललेत ना,” आशालता दाराच्या फटीतून समजुतीनं सांगत होती. “सर आले आणि हा दिसला नाही तर आम्ही कुठून भरायचं एकदम? सांभाळून घे. सगळ्यांचेच नवरे असले असतात. माझा काय देव आहे?”

“मी रोज प्रार्थना करते तुझ्यासाठी,” फ्लॉसी म्हणाली.

तिला लाथ घालावी असं मला वाटलं. मी नुसती मशीनवर जाऊन बसले, कारण बोलून काही उपयोग नव्हता. संध्याकाळच्या ऑर्डरींचे फोन आत वाजत राहिले. शेवटी कडी निघाली. पण आधी बाहेर आली ती रोशनी, एका हातात कपड्यांची पिशवी घेऊन. कुणी तिला कुठं चाललीस विचारलं नाही. आशालतानं गुडघा बाजूला घेऊन तिला वाट दिली. फ्लॉसीनं तिच्या मुठीत एक नोट कोंबली. रोशनीनं ती घेतली, कारण आगाशीच्या बसला पैसे लागतात आणि घरातले सगळे त्याच्या खात्यात होते.

ती गेली आणि तो आत आला.

कॉलेजला ती पुन्हा आली नाही. आगाशीच्या बाजारात मावशी भाजी घेऊन बसते, तिच्या शेजारी बसते म्हणे. बायजा रविवारी तिला भेटायला जायची म्हणते, पण रविवारीच भाकऱ्या जास्त. भिंतीपलीकडून आता घरघंटीचा आवाज येतो आणि त्याच्या मोबाइलचा.

परवा सुमेध सर न सांगता आले. बायजा भाकऱ्या थापत होती, चौघी धावत येऊन दारात उभ्या राहिल्या. सर उंबऱ्यातूनच म्हणाले, “घरात माणसं किती?”

“दोन,” बायजा म्हणाली.

“मागच्या वेळी तीन लिहिलीत.”

“पोरगी गेली.”

“कुठे?”

“गेली.”

सरांनी जरा विचार केला. “मुलीचं काही नाही,” ते म्हणाले. “मिस्टर आहेत ना?”

बायजानं वर पाहिलं नाही. पिठाच्या हातानं खाटेकडे दाखवलं. “हाय,” ती म्हणाली.

“मग झालं,” सर म्हणाले, आणि चौघींच्या जिवात जीव आला.